टोप्या घातलेली अक्षरं

यंदा वैशाखात आमचा कूलर कोरडाच फिरतो आहे. गवताच्या ताट्यांतून गरम हवा येते आणि तिला वाळलेल्या गवताचा वास असतो, ओल्या गवताचा नाही. गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा येतो. त्याच्या आधी पिंपं सरकवल्याचा आवाज येतो, मग बायकांची बाचाबाची, मग टँकर. फोनवर रोज कुणीतरी बातमी पाठवतो, की नवा जिल्हा होणार. उदगीरचा होणार म्हणतात, किनवटचा होणार म्हणतात, आमच्या मुखेडकडचे लोक म्हणतात आमचाच का होऊ नये. कोरडा कूलर आणि नव्या जिल्ह्याची बातमी, दोन्ही एकाच आठवड्यात आली की मला नांदेडच्या त्या भाड्याच्या खोलीतला टेबल दिसायला लागतो. टेबलावर झाकण काढलेला काॅम्प्युटर, त्याच्या उघड्या पोटावर वारा मारणारा टेबल फॅन, आणि शेजारच्या स्टुलावर ताठ बसलेले सोनकांबळे गुरुजी.

वीसेक वर्षं झाली. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही अर्धंच माहीत आहे.

तेव्हा मी घरी मराठी टायपिंगची कामं करायचो. अर्ज, लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका. काॅम्प्युटर विकत घेतलेला नव्हता, जुळवलेला होता. डबा नांदेडचा, पडदा एका बंद पडलेल्या एसटीडी बूथचा, आणि आतला मुख्य बोर्ड लातूरच्या इरफानकडून आणलेला. इरफान माझा वर्गमित्र. लातूरला एका बोळात त्याचं सुटे भाग जुळवण्याचं दुकान होतं. तो बोर्ड मी लातूर ते नांदेड एसटीत मांडीवर धरून आणला, टाॅवेलात गुंडाळून. शेजारच्या बाईनं विचारलं होतं, "बाळ किती म्हैन्याचं हाय हो?" सगळी गाडी हसली. मीही हसलो, पण हात काढला नाही.

ते यंत्र लहरी होतं. सुरू करताना तीन लांब शिट्ट्या मारायचं आणि गप्प बसायचं. मग मी झाकण काढून रॅमची पट्टी बाहेर काढायचो, तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबरानं घासायचो, फुंकर मारून परत बसवायचो. खोडरबराचा तो गोडसर वास आणि तापलेल्या धुळीचा वास मिळून जो वास होतो, तो त्या उन्हाळ्याचा वास. दिवसाचे सहा-सात तास लाईट नसायची. ती दुपारी यायची, तेव्हा खोली इतकी तापलेली असायची की यंत्र अर्ध्या तासात आपोआप बंद पडायचं.

गुरुजी दर रविवारी यायचे. मुखेड तालुक्यात आमच्याच गावच्या शाळेवर होते ते, मला तिसरी-चौथीला शिकवलेले. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन लेकीच्या शिक्षणासाठी नांदेडात राहायला आलेले. दारातून "जयभीम दिगू," म्हणायचे, चप्पल भिंतीला समांतर लावायचे आणि पाणी मागायचे ते अर्धा ग्लासच. उषा, माझी बायको, भरून द्यायला लागली की ग्लासावर हात ठेवायचे. "अर्धाच, सूनबाई. उरलेलं सांडून काय करू?"

त्यांच्या शबनममध्ये कागद असायचे. उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू, त्यावर निळ्या शाईत आखीव अक्षर. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भागात पाझर तलाव झाले, रस्ते झाले. ते ज्यांनी केले त्यांची नावं त्या कागदांवर होती. खडी फोडणारे, पाट्या वाहणारे, मुरूम उकरणारे. एक नाव, पुढं गाव, पुढं काम, आणि शेवटी एक ओळ, त्या माणसानं स्वतः सांगितलेली. 'डोईवर पाटी असताना पोरगी झाली.' 'सुकडी खाऊन पहिल्यांदा पोट भरलं.' 'पाण्याचा माठ आमचा निराळा होता.' गुरुजींनी हे वीस वर्षं गोळा केलं होतं, सुट्टीच्या दिवशी, पायी आणि एसटीनं. ते स्वतः चौदाव्या वर्षी त्या कामावर होते. त्यांची आईही होती. यादीतली पहिली ओळ तिचीच होती.

आमच्या घरचं यादीत कुणी नव्हतं. माझे वडील त्या कामावर हजेरी घ्यायचे, सावलीत बसून. गुरुजी ते कधी बोलले नाहीत.

"नवा जिल्हा झाला की नवं गॅझेटियर निघंल," गुरुजी सांगायचे. "आधी भूगोल, मग राजे, मग देवळं. शेवटी कुठं तरी दुष्काळ येईल, दोन पानं. त्या दोन पानांत ही नावं घालायला लावायचीत मला. रस्त्याला नाव फीत कापणाऱ्याचं असतं रे. खडी फोडणाऱ्याचं कुठंच नसतं."

ते शेजारी बसून एकेक ओळ पडद्यावर तपासायचे. एकदा मी 'गया' असं टाइप केलं, कागदावर तसंच होतं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "गयाबाई कर. जन्मभर तिला कुणी बाई म्हणलं न्हाई. इथं तरी म्हणू."

पान तपासून झालं की कागद माझ्याकडं ठेवत नसत. पुढच्या आठवड्यात ज्या गावाचं पान असेल त्या गावी जाऊन त्या घरी परत देऊन येत. मी एकदा म्हणालो, "असू द्या की गुरुजी, जपून ठेवू." ते म्हणाले, "त्यांचं बोलणं हाय ते. लिहून घेतलं म्हणून माझं झालं का? आता मशीनीत आलंय. ज्याचं त्याला." मला ते फार मोठं वाटलं. एक प्रत फ्लाॅपीवर ठेवलीच होती. छापून घ्यायचं ते सगळं संपल्यावर, एकदम.

यंत्रात व्हायरस शिरला होता. मधूनच पडदा निळा व्हायचा, फाइल उघडायला दहा मिनिटं लागायची. त्याच दिवसांत एका मासिकाबरोबर लिनक्स नावाच्या नव्या सिस्टीमची सीडी आली. लेखात लिहिलं होतं, याला व्हायरस लागत नाही, हे कुणाच्या मालकीचं नाही, वाटेल त्यानं घ्यावं. मी तो लेख चार वेळा वाचला. गुरुजींच्या नावांना असंच घर पाहिजे असं मला मनापासून वाटलं. हे खरं आहे, आणि हेही खरं आहे की नांदेडात आपल्या गल्लीत लिनक्स घालणारा पहिला माणूस मला व्हायचं होतं. दोन्हींत जास्त खरं काय होतं, ते आज सांगता येत नाही.

इरफानला एसटीडीवरून फोन केला तर तो ओरडलाच. "अबे, कायको उंगली करून राहिला? चाललंय तसं चालू दे. तुझी मराठीची सगळी कामं जुन्यावर हायेत ना?" मी हसून फोन ठेवला.

गुरुजींना विचारलं नाही. त्यांना पुढच्या रविवारी एकदम दाखवायचं होतं.

सोमवारी दुपारी लाईट आल्याबरोबर सीडी घातली. डिस्कचे दोन भाग होते. पहिल्यावर जुनी सिस्टीम, दुसऱ्यावर कामं. मी पहिला भाग पुसून तिथं लिनक्स टाकायला घेतलं, दुसऱ्याला हात लावला नाही. एवढी अक्कल होती. निम्म्यावर यंत्र तापून बंद पडलं. परत सुरू केलं, परत बंद पडलं. तिसऱ्या वेळी मी घरातली कळशी उचलली आणि कूलरच्या टाकीत ओतली. खोली गार झाली. ओल्या गवताचा वास आला. उषा तीन तास रांगेत उभी राहून ती कळशी घेऊन आली होती. तिनं दारातून पाहिलं, आणि नुसतं म्हणाली, "प्यायचं होतं ते."

मंगळवारी सिस्टीम बसली, पण पडदा काळा. कोपऱ्यात दोन अक्षरं यायची आणि थांबायची. बुधवारी ती अडचण गेली, तर माऊस हलेना. मासिकातल्या सूचनांच्या ओळी मी पाटीवर खडूनं उतरवून घेतल्या, एकेक करून टाइप केल्या. एका ठिकाणी टिंब राहिलं की परत पहिल्यापासून. गुरुवारी दुपारी चित्रं दिसली, माऊस हलला. मी उषाला हाक मारली. ती आली, पाहिलं, म्हणाली, "बरं." पिठाचे हात होते तिचे.

मग मी दुसरा भाग उघडला. फाइल जागेवर होत्या. गावांची नावं मी इंग्रजीत दिलेली, ती बरोबर होती. पहिली फाइल उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं होती, पण नीट इंग्रजीही नाहीत. कुणाच्या डोक्यावर दोन टिंबं, कुणावर तिरकी काडी, कुणावर टोपी. मध्येच एखादा कंस, एखादा स्वल्पविराम. पानभर तेच. दुसरी फाइल, तिसरी, सगळ्या तशाच. मी फ्लाॅपी शोधली, घातली. तीही तशीच. मला वाटलं, व्हायरसनं दोन्हीकडचं खाल्लं. मासिकातच होतं, काही व्हायरस आतली अक्षरं फिरवून टाकतात.

संध्याकाळी इरफानला फोन केला. तो या वेळी ओरडला नाही. "अक्षरं कशी दिसून राहिली, सांग बरं."

"टोप्या घातल्यासारखी."

त्यानं दुकानातल्या कुणाला तरी थांब म्हटलं. मग म्हणाला, "ऐक. कशाला हात लावू नको. डिस्क काढ, टाॅवेलात गुंडाळ अन् लातूरला घेऊन ये. मी बघतो. हात लावू नको, समजलं का?"

"हाव," मी म्हणालो.

मी गेलो नाही. आजपर्यंत या एका वाक्याशी मी अडून बसलो आहे. लातूर चार तासांवर होतं. शुक्रवारी सकाळची गाडी होती, शनिवारीही होती. पण इरफान हसला असता, सांगितलं होतं म्हणाला असता. आणि रविवारी गुरुजी आले असते तेव्हा टेबलावर उघडा डबा असता आणि मला सांगावं लागलं असतं की न विचारता मी हे केलं. खराब झालेलं आता काय परत येणार, असं मी स्वतःला सांगितलं. शनिवारी दुपारी लाईट आल्यावर सगळी डिस्क पुसली, दोन्ही भाग. व्हायरस राहू नये म्हणून. जुनी सिस्टीम परत टाकली. फ्लाॅपीही पुसली. झाकण लावलं, चारही स्क्रू पिळले. यंत्र आधीसारखं दिसायला लागलं.

रविवारी गुरुजी आले. चप्पल लावली. मी ते बसायच्या आधीच बोललो.

"गुरुजी, गुरुवारी लाईट गेली-आली, गेली-आली. डिस्क उडाली. सगळंच गेलं."

ते उभेच राहिले. मग स्टुलावर बसले. पडद्याकडं पाहत राहिले, जसं तिथं अजून काही येईल. उषानं अर्धा ग्लास पाणी आणून दिलं. त्यांनी ते घेतलं, मांडीवर धरून ठेवलं, आणि बऱ्याच वेळानं तसंच परत दिलं.

"फ्लाॅपी?"

"तीही गेली."

"लाईटीला काय म्हणायचं," ते म्हणाले. आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "तू कामून तोंड पाडतो? तुझा काय दोष त्यात? फिरू परत. कागद हायेत की घरोघर."

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर गेलो. मुखेडला उतरून दुसरी गाडी, मग दोन कोस पायी. पाझर तलाव वाटेत लागला, तळाला भेगा पडलेल्या, बकऱ्या त्यातून आरपार चाललेल्या. निम्म्या घरांना कुलपं होती. माणसं हैदराबादला, पुण्याकडं कामाला गेलेली. जी होती त्यांतल्या अंजनाबाई ओसरीत बसल्या होत्या, दात नसलेल्या, नजर तेज.

"कागद?" त्या म्हणाल्या. "चुलीला लावला की बा. तुमीच म्हणलं व्हतं गुरुजी, आता मशीनीत हाय."

"मशीन बिघडली, अंजनाबाई."

"आँ? मशीन मेली?" त्या खो खो हसल्या. "आमी अजून जित्ते हाव, अन् तुमची मशीन मेली व्हय!" मग माझ्याकडं बोट करून, "ह्यो कोण?"

"हजेरीवाल्या पाटलाचा दिगू. यानंच लिहून घेतलं होतं सगळं."

त्या हसायच्या थांबल्या. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बापानं बी लिव्हलं व्हतं आमचं नाव," त्या म्हणाल्या, "रोज लिव्हायचा. त्ये बी गेलंच."

गुरुजी त्यांना दटावत होते, असं बोलू नये, पोराचा दोष नाही, लाईटीनं झालं. ते माझी बाजू घेत होते. मी त्या ओसरीत जमिनीकडं पाहत उभा होतो.

त्या गावात एक पान मिळालं, पत्र्याच्या पेटीत, वाळवीनं जाळी केलेलं. पुढच्या दोन गावांत काहीच नाही. नंतर मी जायचं टाळायला लागलो. कामं आहेत म्हणायचो. ते एकटे जात राहिले.

दोन वर्षांनी लातूरला एका छापखान्यात बसलो होतो, भाच्याची लग्नपत्रिका घ्यायला. टायपिंग करणाऱ्या मुलीनं बाहेरून आलेली फाइल उघडली. पडद्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. मी खुर्चीवरून उठलोच.

"व्हायरस," मी म्हणालो.

ती हसली. "व्हायरस कशाचा काका? मराठीचा फाँट लावला न्हाई ना अजून. मशीनीला वाटतं हे इंग्रजी हाय." तिनं वरच्या यादीतून एक नाव निवडलं, टाकलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत पानभर मराठी आलं. चि. सौ. कां. मुलीचं नाव, मुलाचं नाव, आग्रहाचं निमंत्रण. एक वेलांटी हललेली नव्हती.

म्हणजे ती सगळी होती. गयाबाई होती, बाईसकट. निराळा माठ होता. गुरुवारपासून शनिवार दुपारपर्यंत सगळे त्या पडद्यावर माझ्यासमोर उभे होते, एकही गेलेला नव्हता. फक्त मला वाचता येत नव्हते. मला वाचता आले नाहीत म्हणून मी त्यांना पुसून टाकलं. व्हायरसनं नाही, लाईटीनं नाही, लिनक्सनंही नाही.

पत्रिका न घेताच बाहेर आलो. इरफानचं दुकान जवळच होतं. त्याच्या बोळाच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

नांदेडला आल्यावर गुरुजींकडं गेलो, सांगायचंच म्हणून. साखरेनं त्यांचा पाय काळा पडला होता, उशीवर ठेवलेला. मला पाहून खूश झाले. उशाशी ठेवलेली नवी वही काढून दाखवली. चार पानं भरली होती. "लई कमी राहिले रे माणसं," ते म्हणाले. "पण जिल्हा बी कुठं झालाय अजून? वेळ हाय." त्यांची लेक सुजाता चहा घेऊन आली. मी चहा प्यालो आणि उठलो. त्या वर्षीच्या पावसाळ्यात ते गेले. ती वही त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेली होती. परत आली नाही.

मी आता एका काॅलेजात लिपिक आहे. दिवसभर नावंच लिहितो, मुलांची. एकही चुकत नाही, साहेब कौतुक करतात.

गेल्या आठवड्यात सुजाताचा फोन आला. ती मुखेडकडं शिक्षिका आहे, तिच्याही केसांत आता पांढरं असणार. म्हणाली, "काका, तलाव पूर्ण आटलाय. गावानं ठरवलंय, पाळीवर फरशी बसवायची, बहात्तरला ज्यांनी बांधला त्यांच्या नावांची. नवा जिल्हा होईल तेव्हा होईल, आपण आपली लावू. बाबांनी तुमच्याकडं टाइप करून घेतलं होतं ना? काही राहिलंय का? एखादं पान?"

"बघतो," मी म्हणालो.

"तसं बाबा सांगायचे, लाईटीनं गेलं म्हणून. तरी विचारलं."

"हो," मी म्हणालो. आता गुरुजीही नव्हते, कुणाला दुखवायचं भय नव्हतं, तरी माझ्या तोंडून 'हो'च आलं.

तेव्हापासून रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी कागद घेऊन बसतो आणि आठवतो. नुसतं डोकं लावून काही येत नाही. बोटं टेबलावर ठेवली, की-बोर्डावर ठेवतो तशी, की एखादं नाव बोटांतून येतं. गयाबाई. अंजनाबाई. मारोती, खडी फोडणे. केवळबाई, पाटी वाहणे. त्या ओळीत एका अक्षराला दोनदा शिफ्ट दाबावं लागायचं म्हणून ती लक्षात राहिली. एक धोंडिबा होता, गाव आठवत नाही. आठवडाभरात तेवीस झाली. ती सगळी शेकड्यांनी होती.

पहिली ओळ मात्र येत नाही. गुरुजींच्या आईची. ती मी सगळ्यांत आधी टाइप केली होती, लाईट जाईल या घाईत, आणि गुरुजींनी ती पडद्यावर किती तरी वेळ पाहिली होती, पुढं सरकू देत नव्हते. मला त्यांचा चेहरा आठवतो, चष्म्याच्या काचेत पडलेला पडदा आठवतो. नाव आठवत नाही. इतक्या दुपारी बोटं ठेवून पाहिली.

ते नाव सांगू शकेल असं आता एकच माणूस आहे. सुजाता. तिची ती आजी. पण मी विचारलं की ती विचारणार, काका, काय करताय, आणि मग पुढचं सांगावं लागणार. सोमवारचं, गुरुवारचं, शनिवार दुपारचं. तिच्या बापानं ज्याला निर्दोष ठरवलं त्या माणसाचं.

कागदावर पहिली ओळ मोकळी सोडून बाकीची तेवीस मी खाली नीट उतरवली. मग फोन लावला. पलीकडं शाळा सुटल्याचा गलका होता. ती "थांबा हं काका," म्हणाली, बाजूला गेली, गलका कमी झाला.

"सुजाता," मी म्हणालो, "तुझ्या आजीचं नाव काय होतं?"

तिनं सांगितलं. मी लिहून घेतलं. फोन खांद्याशी धरून लिहिल्यामुळं अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं.

"का हो काका?" तिनं विचारलं. "तुमच्या मशीनीत तर पहिलंच होतं ना ते?"